स्नॅपच्या आधी प्ले ओळखायचाय? मग आधी क्वार्टरबॅककडे बघणं बंद करा

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्या आपल्या मंडळींत एक गोष्ट कायम दिसते. प्ले संपल्यावर "मला माहीतच होतं रन येणार" म्हणणारे पैशाला पासरी, आणि स्नॅपच्या, म्हणजे सेंटर बॉल मागे देऊन प्ले सुरू करतो त्या क्षणाच्या, आधी कागदावर लिहून दाखवा म्हटलं की सगळे चिडीचूप. मुलगा तिकडे अमेरिकेत हायस्कूल टीममध्ये लाईनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या फळीमागचा खेळाडू) खेळतो म्हणून फिल्म बघायला बसलेले आईबाबा असोत, नाहीतर रविवारी रात्री साडेदहाला इकडे पुण्या-मुंबईत मॅच लावून बसणारे असोत, चूक एकच असते. सगळे बॉलकडे नाहीतर क्वार्टरबॅकच्या तोंडाकडे बघतात. आणि क्वार्टरबॅक म्हणजे त्या अकरा जणांतला सगळ्यात पोचलेला माणूस, लपवणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. चुगली करतात ते बाकीचे दहा.

दुसरी चूक म्हणजे एखादी गोष्ट एकदा जुळली की तोच नियम समजून पुढची पूर्ण मॅच तसंच धरून बसायचं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. डाऊन-अंतर न बघता थेट लाईनमनच्या बोटांकडे गेलात तर दिसेल बरंच काही, पण त्याचा अर्थ चुकीचा लावाल. चार डाऊन, दहा यार्ड वगैरे बेसिक नियम येतात असं धरून चालतोय.

## तयारी: फिल्म, कागद आणि दोनच प्रश्न

टीव्हीवरची नेहमीची मॅच शिकायला फार कामाची नाही. ऐन स्नॅपच्या आधी कॅमेरा कोचचा चेहरा दाखवतो, मागचा रिप्ले दाखवतो, आणि बाहेरचे रिसीव्हर तर फ्रेममध्येच नसतात. शिकायला ऑल-२२ फिल्म घ्या, म्हणजे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात अशी. एनएफएलची ही फिल्म अमेरिकेत एनएफएल प्लसच्या प्रीमियम पॅकमध्ये मिळते. हायस्कूलवाल्यांकडे बहुतेक ठिकाणी हडल (Hudl) हे फिल्म बघायचं ॲप असतं, मुलाला सांगा, त्याचं लॉगिन असणार. दोन अँगल असतात, एक साईडलाईनवरून उंचावरचा आणि एक एन्ड झोनच्या मागचा. फॉर्मेशन पहिल्यात बघायचं, लाईनमन आणि बॅक दुसऱ्यात. हे उलटं केलंत तर डोळे फोडून घ्याल आणि हाती काही लागणार नाही.

कागदावर रकाने आखा: डाऊन, अंतर, बॉल कुठल्या यार्डवर आणि कुठल्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या दोन खुणांच्या रांगा, डावी की उजवी), मैदानात कोण कोण आलंय, फॉर्मेशन, बॅक कुठे उभा, काय खटकलं, माझा अंदाज, खरं काय झालं. एवढे पुरेत. सुरुवातीला तीस रकाने आखणारे लोक दुसऱ्या क्वार्टरलाच कागद बाजूला ठेवतात.

प्रश्न दोनच ठेवा. रन की पास? आणि डावीकडे की उजवीकडे? नेमका कुठला रूट (रिसीव्हरची पळायची वाट), कुठला ब्लॉक, ते नंतर आपोआप यायला लागतं. माजी क्वार्टरबॅक टोनी रोमो कॉमेंट्रीत प्ले आधीच सांगायचा, जानेवारी २०१९ च्या चीफ्स-पेट्रियट्स मॅचमध्ये तर लोक थक्क झाले होते, पण तो माणूस वर्षानुवर्षं त्याच जागी उभा राहून हेच करत होता. पहिल्या महिन्यात रोमो व्हायला जाऊ नका.

सावधान: "माझा अंदाज" हा रकाना स्नॅपच्या आधी भरायचा, व्हिडिओ पॉज करून, पेनाने. मनात धरून ठेवलेला अंदाज प्ले बघितल्यावर हळूच बदलतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

## पायरी १: डाऊन, अंतर, घड्याळ

खेळाडूंकडे बघायच्या आधी परिस्थिती बघा. थर्ड अँड वन आणि थर्ड अँड ट्वेल्व्ह या दोन वेगळ्या दुनिया आहेत. टीमचा नेहमीचा कल काय, हे आधी माहीत असल्याशिवाय कुठल्याही इशाऱ्याला किंमत नाही, आणि यावर पायरी ९ मध्ये परत येणारच आहे कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच आपटतात.

मॅचच्या सुरुवातीचे प्ले मात्र वेगळे मोजा. ४९अर्सचा कोच बिल वॉल्शपासून ही पद्धत पडली की पहिले पंधरा-वीस प्ले आधीच लिहून आणायचे, त्यामुळे पहिल्या दोन सिरीजमध्ये (बॉल ताब्यात असतानाचे सलग प्ले म्हणजे एक सिरीज) टीम जे करते ते बरेचदा तुमची प्रतिक्रिया तपासायला असतं. तसंच शेवटची दोन मिनिटं आणि वीस पॉइंटने पुढे-मागे असतानाचे प्ले, तेही बाजूला काढा. हरणारी टीम पास टाकते यात कसला आलाय सुगावा.

## पायरी २: मैदानात कोण आलं ते मोजा

हडल, म्हणजे प्ले ठरवायला केलेला घोळका, मोडायच्या आधी, बदली खेळाडू धावत येतात तेव्हाच मोजायचं. दोन आकडी भाषा आहे: पहिला आकडा रनिंग बॅक किती, दुसरा टाईट एंड (लाईनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा) किती, क्वार्टरबॅक आणि पाच लाईनमन सोडून राहिलेल्या पाचातून उरले ते वाईड रिसीव्हर. म्हणजे ११ म्हटलं की एक बॅक, एक टाईट एंड, तीन रिसीव्हर. १२ म्हणजे दोन टाईट एंड. २२ म्हणजे दोन बॅक, दोन टाईट एंड आणि एकच रिसीव्हर, बहुतेक वेळा जाडजूड रन.

इथे फक्त आकडा लिहून थांबू नका, माणूस कोण तेही बघा. ऑफेन्स नकळत सगळ्यात जास्त इथे उघडं पडतं. थर्ड डाऊनला वेगळा बॅक येतो, जो ब्लॉक चांगला करतो किंवा कॅच चांगले घेतो, आणि तो आला की पास. दुसरा टाईट एंड फक्त ब्लॉकिंगसाठी येतो आणि तो असला की रन. हायस्कूलला तर हे फार ढोबळ असतं. एखादा रिसीव्हर मैदानावर आला की डीप बॉल (लांबचा पास) ठरलेलाच, कारण त्या मुलाला दुसरा रूटच येत नाही. कोचला वाटतं कुणाच्या लक्षात येत नाही.

एनएफएलमध्ये ५० ते ७९ नंबरचा खेळाडू रिसीव्हर म्हणून, म्हणजे पास झेलायला, पात्र व्हायचा असेल तर त्याला रेफरीकडे जाऊन रिपोर्ट करावं लागतं, आणि रेफरी ते डिफेन्सला सांगतो, स्टेडियमभर ऐकू येतं. म्हणजे नियमच ऑफेन्सला एक पत्ता उघडा करायला लावतो. ३० डिसेंबर २०२३ ला डेट्रॉइट लायन्सनी डॅलसविरुद्ध हाच पत्ता झाकायचा प्रयत्न केला, एकापेक्षा जास्त लाईनमन रेफरीच्या दिशेने गेले, डिफेन्सचा गोंधळ व्हावा म्हणून. गोंधळ रेफरीचा झाला. त्याने टेलर डेकरऐवजी डॅन स्किपरचा नंबर जाहीर केला, डेकरने दोन पॉइंटचा पास झेलला तो पेनल्टीमुळे रद्द झाला, आणि लायन्स २०-१९ ने हरले.

तपासा: तुम्ही मोजलेले बॅक, टाईट एंड, रिसीव्हर मिळून पाच होतात का? नसतील होत तर एकतर मोजणी चुकली किंवा सहावा लाईनमन आलाय.

## पायरी ३: फॉर्मेशन आणि हॅश

आता उभे कसे राहिले ते बघा. जास्त माणसं कुठल्या बाजूला, टाईट एंड कुठल्या बाजूला, आणि बॉल कुठल्या हॅशवर. एनएफएलमध्ये दोन हॅशमधलं अंतर जेमतेम साडेअठरा फूट, त्यामुळे बॉल जवळपास मधोमधच असतो. कॉलेजला ते ४० फूट आणि हायस्कूलला ५३ फूट ४ इंच. म्हणजे हायस्कूलला बॉल डाव्या हॅशवर असेल तर उजवीकडे मोकळं रान आणि डावीकडे अगदी चिंचोळी पट्टी, आणि कमकुवत हाताचा क्वार्टरबॅक लांबच्या बाजूला आऊट रूटवर (साईडलाईनकडे वळणाऱ्या वाटेवर) पास टाकूच शकत नाही. त्यामुळे हायस्कूलची फिल्म बघताना हॅशचा रकाना कंटाळा न करता भरा, एनएफएल बघताना थोडी ढिलाई चालेल.

क्वचित वापरलं जाणारं फॉर्मेशन दिसलं की कान टवकारा. टीमकडे त्या फॉर्मेशनमधून प्ले असतातच किती, दोन किंवा तीन. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोल ४९ मध्ये सीहॉक्स गोललाईनपासून एक यार्डवर होते, सेकंड डाऊन, आणि उजव्या बाजूला दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले. पेट्रियट्सच्या सराव सत्रात हाच प्ले चालवला होता आणि माल्कम बटलर तेव्हा त्यावर फसला होता. या वेळी त्याने ती जोडी ओळखली, ब्रँडन ब्राउनरने पुढच्या रिसीव्हरला जागेवरच थोपवलं, बटलर मागच्या रिसीव्हरच्या आधी बॉलवर पोचला आणि मॅच २८-२४ ने खिशात. लोक अजूनही तिथे रन का नाही दिला यावर भांडतात. मला त्यापेक्षा तो प्ले एवढा ओळखीचा कसा झाला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

## पायरी ४: बॅक किती खोल, कुठल्या बाजूला

नवख्यांना सगळ्यात लवकर जमणारी पायरी हीच. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक सेंटरच्या (लाईनच्या मधला, स्नॅप देणारा) साधारण पाच यार्ड मागे असतो, बॅक त्याच्या बाजूला. आता त्याचे पाय बघा. बॅकच्या पायाची बोटं क्वार्टरबॅकच्या टाचांच्या रेषेत किंवा आणखी मागे असतील तर रनचा वास येतो, कारण हँडऑफ घेताना त्याला धावत यायला जागा पाहिजे. तोच बॅक क्वार्टरबॅकच्या बरोबरीने किंवा अर्धं पाऊल पुढे, आणि थोडा टॅकलकडे, म्हणजे लाईनच्या टोकाच्या माणसाकडे, सरकलेला असेल तर पास, कारण त्याला ब्लिट्झ करणारा, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारा, माणूस अडवायचाय किंवा पटकन बाहेर सटकायचंय.

बाजू: शॉटगनमधले बरेचसे झोन रन (सगळी लाईन एकाच बाजूला सरकत ब्लॉक करते ते) बॅकच्या उलट दिशेला जातात, कारण तो क्वार्टरबॅकच्या पुढून आडवा जात बॉल घेतो. बॅक डावीकडे उभा तर रन उजवीकडे. अनेक टीम याला तोड म्हणून त्याच बाजूचेही काही रन ठेवतात, आणि काही टीम पिस्तल लावून बॅकला सरळ क्वार्टरबॅकच्या मागेच उभं करतात म्हणजे बाजूचा प्रश्नच मिटला. पण जी टीम हे काहीच करत नाही तिच्याविरुद्ध लाईनबॅकरचं अर्धं काम स्नॅपच्या आधीच झालेलं असतं.

आणखी एक गंमत बघा, बॅकची जागा बदलताना. क्वार्टरबॅकने काहीतरी ओरडलं आणि बॅक डावीकडून उजवीकडे गेला, तर बहुतेक वेळा ब्लॉकिंगची बाजू बदलली किंवा प्लेच उलटा केला. तो का हलला ते लिहून ठेवा, त्याच मॅचमध्ये तिसऱ्यांदा हललाय तोपर्यंत अर्थ लागलेला असेल.

सावधान: खोली मोजायची ती क्वार्टरबॅकच्या तुलनेत, मैदानावरच्या यार्डांच्या आकड्यांवरून नाही. एन्ड झोनचा अँगल नसेल तर ही पायरी सोडून द्या, साईडलाईनच्या तिरक्या अँगलवरून अर्धं पाऊल कळत नाही आणि उगाच मनाचे खेळ सुरू होतात.

## पायरी ५: लाईनमनचा हात, टाच, नजर

बॅट्समन गुगली बोलरच्या मनगटावरून ओळखतो, पिचवर पडल्यावर नाही. इथे मनगटाच्या जागी गार्ड (सेंटरच्या दोन बाजूंचे) आणि टॅकल (त्यांच्या बाहेरचे). दीडशे किलोच्या आसपासच्या माणसाला पुढच्या सेकंदात काय करायचंय त्याप्रमाणे त्याचं शरीर आधीच वजन टाकून बसतं, आणि ते लपवायला खास मेहनत घ्यावी लागते जी बरेच जण घेत नाहीत, खास करून चौथ्या क्वार्टरमध्ये दमल्यावर.

तीन गोष्टी, याच क्रमाने बघा.

हात. तीन टेकूंचा स्टान्स असेल, म्हणजे एक हात जमिनीवर, तर त्या हाताची बोटं बघा. जोर देऊन टेकवलेली, पांढरी पडलेली, खांदे पुढे झुकलेले, बूड वर, म्हणजे तो पुढे घुसणार, रन. हात नुसता टेकवलेला, हलका, बूड खाली, म्हणजे मागे सरकून पास ब्लॉक.

टाच. पुढे जाणाऱ्याच्या टाचा उचललेल्या असतात. मागे जाणाऱ्याची मागची टाच जमिनीवर बसलेली असते, आणि टॅकलचा बाहेरचा पाय जरा जास्तच मागे असतो कारण त्याला कडेने क्वार्टरबॅकवर धावत येणाऱ्या एज रशरच्या आधी मागे पोचायचंय. थर्ड अँड लाँगला टॅकल दोन पायांवरच उभा राहतो, पण तेव्हा पास आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे त्याला इशारा म्हणून मोजू नका.

नजर आणि जागा. पुल करणारा गार्ड, म्हणजे जो आपली जागा सोडून आडवा धावत दुसऱ्या बाजूला ब्लॉक करायला जाणार असतो, तो स्वतःला जागा मिळावी म्हणून लाईनपासून वीतभर मागे बसतो. हात हलका. पण पायाची बोटं जायच्या दिशेला किंचित वळलेली. आणि बरेच जण एकदा तिकडे चोरून बघतात! हलका हात बघून तुम्ही पास म्हणून मोकळे व्हाल आणि तो गार्ड तुमच्या अंगावर येईल, म्हणून फक्त एका माणसाचा हात बघून निर्णय घेऊ नका. एक गार्ड हलका आणि बाकी चौघं पुढे झुकलेले, हे पुलचं लक्षण. पाचही जण हलके, हे पासचं.

पाच जणांवर एकदम नजर ठेवायला जाऊ नका. दोन गार्ड निवडा, एक सिरीज फक्त डावा बघा, पुढची सिरीज फक्त उजवा. लाईनबॅकर खेळणाऱ्या मुलांनी तर बाकी काही नाही केलं तरी चालेल पण एवढं कराच, कारण बॉल कुठे जाणार हे गार्डच्या पायांना सगळ्यात आधी माहीत असतं.

तपासा: दोन-पॉइंट स्टान्समध्ये, म्हणजे हात न टेकवता, उभी राहणारी टीम असेल तर हाताचा प्रश्नच उरत नाही. अशा वेळी मांड्यांवरचे हात आणि टाचा बघा. काहीच फरक दिसला नाही तर "काही नाही" असं लिहा. रिकामा रकाना बघून जबरदस्तीने काहीतरी शोधू नका.

## पायरी ६: रिसीव्हर

हे पटकन. बाहेरचा रिसीव्हर साईडलाईनला चिकटून उभा असेल तर त्याला आत यायला जागा ठेवलीय, म्हणजे स्लँट किंवा डिग, हे आत वळणारे रूट. नेहमीपेक्षा आत, लाईनजवळ आला असेल तर बाहेर पळायला जागा ठेवलीय, नाहीतर तो आतल्या माणसाला ब्लॉक करणार, म्हणजे बाहेरून रन. आळस हा मोठा चुगलखोर. रन असला की हात कमरेवर, स्नॅपनंतर दुडक्या चालीने पळणार. स्वतःकडे बॉल येणार असला की ग्लोव्हज ओढून नीट करणार. शाळा-कॉलेजच्या पातळीवर हे राजरोस दिसतं, एनएफएलमध्ये कमी.

## पायरी ७: मोशन, आरोळ्या आणि स्नॅपची वेळ

मोशन म्हणजे स्नॅपच्या आधी एक खेळाडू आडवा सरकतो तो. ऑफेन्स मोशन करतं ते मुख्यतः डिफेन्स मॅन (एकेक माणूस धरून) खेळतंय की झोन (जागा वाटून) हे बघायला. पण टीम विशिष्ट मोशन विशिष्ट प्लेसाठीच वापरत असेल तर सौदा उलटा होतो. प्रत्येक मोशनपुढे काय आलं ते लिहा, कोण गेला, कुठपर्यंत, थांबला की धावतच होता.

आरोळ्यांमध्ये अर्थ शोधायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. पेटन मॅनिंगच्या "ओमाहा"वर लोकांनी किती डोकं लावलं. एक गोष्ट मात्र ऐका: बऱ्याच टीम हडलमध्ये दोन प्ले देतात आणि क्वार्टरबॅक लाईनवर "किल, किल" ओरडला की पहिला रद्द, दुसरा चालू. पहिला रन दिसत असताना किल ऐकू आलं की बरेचदा पास, उलटही. आणि कोड बदलायचा आळस किती महाग पडतो हे जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये दिसलं. जॉन ग्रुडन आदल्या सीझनपर्यंत रेडर्सचा कोच, तो बकनिअर्सकडे गेला, आणि रेडर्सची भाषा बऱ्यापैकी तीच राहिली. बकनिअर्सचे डिफेन्सवाले मैदानात एकमेकांना सांगत होते की हे तर आपण सरावात बघितलेलेच प्ले. रिच गॅननचे पाच इंटरसेप्शन, त्यातले तीन थेट टचडाऊन, स्कोअर ४८-२१.

स्नॅप कधी होणार हीसुद्धा माहितीच. दुसऱ्याच्या गोंगाटाच्या स्टेडियममध्ये ऑफेन्स मूक काऊंट वापरतं: गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, सेंटरला थोपटतो, सेंटर डोकं वर करतो आणि ठराविक क्षणानंतर बॉल. तो क्षण दरवेळी सारखा असेल तर एज रशर त्यावर घड्याळ लावतो. तसंच प्ले क्लॉक एकवर आला की स्नॅप होणारच. पण उतावीळपणा केलात तर अॅरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक आवाजाने हूल देऊन ऑफसाईड करवतो आणि वर फुकटात डीप बॉलही टाकतो.

## पायरी ८: स्नॅपनंतरचं पहिलं पाऊल

आतापर्यंतचा सगळा अंदाज होता, आता खातरजमा. व्हिडिओ स्नॅपनंतर लगेच पॉज करा. गार्डचं हेल्मेट खाली राहून पुढे आलं तर रन, वर उठून मागे गेलं तर पास. लाईनमन रशरला जरा जास्तच सहज सोडतोय असं वाटलं तर स्क्रीन (रशर पुढे येऊ देऊन टाकलेला छोटा पास), स्वतःची पाठ थोपटू नका.

आरपीओने (रन-पास ऑप्शन) इथे घोळ घातलाय. लाईन रनसाठीच ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक ऐनवेळी पास टाकतो, त्यामुळे हेल्मेट खाली असूनही पास येतो. एनएफएलमध्ये लाईनमन पासच्या वेळी एक यार्डच पुढे जाऊ शकतो, कॉलेजला तीन, म्हणून कॉलेजला हा प्रकार जास्त बोकाळलाय. असे प्ले कागदावर वेगळ्या खुणेने लिहा. त्यांना रन किंवा पासमध्ये कोंबलंत तर पुढची मोजणी नासते.

## पायरी ९: सुगावा खरा की योगायोग

इथे बसा जरा शांतपणे. समजा एका टीमचे फर्स्ट डाऊनला १२ पर्सोनेलमधून (पायरी २ मधला आकडा) वीस प्ले झाले, त्यात चौदा रन. म्हणजे डोळे मिटून रन म्हटलं तरी सत्तर टक्के बरोबर. आता तुम्हाला सापडलं की डाव्या टॅकलची बोटं पांढरी असतात तेव्हा पाचपैकी चार वेळा रन. ऐंशी टक्के! आनंद व्हायला नको, कारण सत्तर तर आधीच होते आणि पाच प्लेवरून काही सिद्ध होत नाही. याच्या उलट, थर्ड अँड एटला जी टीम दहात एकदा रन देते, ती टीम बॅकला टाचांच्या मागे उभं करून पाचपैकी चार वेळा ड्रॉ (पासचा आव आणून दिलेला रन) खेळली असेल, तर ते सोनं. नमुना तेवढाच छोटा, पण नेहमीच्या कलापासूनचं अंतर केवढं बघा.

उलट बाजूही तपासा. बोटं पांढरी नसताना किती रन झाले? तेवढेच झाले असतील तर बोटांचा आणि रनचा काही संबंध नाही.

आणि तिसरं, जाणूनबुजून टाकलेलं आमिष ओळखा. चांगले कोच स्वतःचीही फिल्म मोजतात, स्वतःचा कल त्यांना तुमच्याआधी कळतो, आणि महत्त्वाच्या मॅचला तोच स्टान्स, तेच मोशन दाखवून उलटा प्ले देतात. म्हणून तीन-चार मॅचमध्ये टिकलेला सुगावा फोर्थ डाऊनला अचानक खोटा ठरला तर चिडू नका, तो तुमच्यासाठीच मांडलेला होता. सुगाव्यावर झुका, पण उडी मारू नका. मुलाला सांगताना "वजन अर्धं पाऊल तिकडे ठेव" एवढंच सांगायचं, "धाव तिकडे" नाही.

सावधान: माहिती कशी मिळवली यालाही नियम आहेत. मॅचमध्ये डोळ्यांनी बघून समोरच्याचे हातवारे ओळखणं चालतं. पण २००७ मध्ये पेट्रियट्सनी मनाई असलेल्या जागेवरून समोरच्यांचे सिग्नल शूट केले तेव्हा बिल बेलिचिकला ५ लाख डॉलर दंड झाला, टीमला वेगळे अडीच लाख आणि पहिल्या राउंडचा ड्राफ्ट पिकही गेला. कॉलेजला पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच प्रत्यक्ष जाऊन टेहळायला बंदी आहे, २०२३ चं मिशिगन प्रकरण त्यावरूनच पेटलं. पालकांनी उत्साहाच्या भरात दुसऱ्या शाळेच्या सरावाचं शूटिंग करायला जाऊ नये, कोचला विचारल्याशिवाय तर नाहीच.

## पायरी १०: आता हाच कागद आपल्या टीमवर चालवा

तुमचा मुलगा किंवा मुलगी ऑफेन्समध्ये असेल, किंवा फ्लॅग फुटबॉलची (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) टीम चालवत असाल, तर याच रकान्यांनी स्वतःच्या तीन मॅच मोजा. फ्लॅग आता ऑलिंपिकमध्ये येतंय, २०२८ लॉस एंजलिस, आणि त्याला हिरवा कंदील ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्याच आयओसीच्या (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती) सत्रात मिळाला, त्यामुळे इकडेही टीम वाढतील. पाच-पाच जणांच्या फ्लॅगमध्ये हात टेकवून बसणारी लाईन नसते, तिथे पायरी ५ गाळा आणि पायरी ४, ६, ७ वर दुप्पट वेळ द्या.

मोजणाऱ्याला कॉल शीट, म्हणजे ठरवलेल्या प्लेची यादी, दाखवू नका. प्ले माहीत असलेल्या माणसाला सगळीकडे इशारेच दिसतात. शक्यतो टीमबाहेरचा, थोडाफार खेळ समजणारा कोणीतरी बसवा.

दुरुस्ती करताना एकावेळी एकच गळती बुजवा, आणि शरीराची आधी, प्लेबुकची नंतर. बॅकची खोली सगळ्यात सोपी: सरावात जमिनीवर टेप लावा आणि रन असो की पास, बोटं टेपवरच. मग लाईन. प्रत्येक लाईनमनला पाससाठी आणि रनसाठी एकच स्टान्स, आणि कोणी खोटं बोलतंय का ते बघायला असिस्टंट कोचने समोर, डिफेन्सच्या जागी उकिडवं बसायचं, मागून बघून टाचा दिसतात पण बोटं दिसत नाहीत. स्टान्स सारखा केल्यावर पहिले काही दिवस टॅकल पास ब्लॉकमध्ये उशिरा मागे जाईल आणि क्वार्टरबॅक मार खाईल, तेव्हा घाबरून जुन्यावर जाऊ नका, त्याच्या बाजूला आठवडाभर टाईट एंड किंवा बॅकची मदत द्या. प्लेबुकमध्ये एवढंच करा की ज्या मोशनमधून आतापर्यंत फक्त रन दिलाय, त्याच मोशनमधून एक पास घाला आणि तो पुढच्या मॅचच्या पहिल्या दोन सिरीजमध्येच दाखवा, म्हणजे समोरच्याच्या कागदावर त्या ओळीपुढे काट मारली जाईल.